बुरशीवरचा लेप

“बुरशी? आन् शरणबसप्पाच्या खिडकीला? कचेरीला चढंल, मठाला चढंल, अमीनसाहेबाच्या दाढीला चढंल, पण ह्या चौकटीला चढायची तिची छाती न्हाय!” असं म्हणत शरणबसप्पानं लाकूड किती टणक आहे ते मेव्हण्याला दाखवायला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, झडपेची फळी चौकटीला भिडते तिथं, उजव्या हाताचं बोट जोरात दाबलं. बोट आत गेलं. दुधात भिजलेल्या भाकरीत जावं तसं एक पेर गेलं, दुसरं गेलं, मुळापर्यंत गेलं. टोकाला बाहेरच्या गल्लीतली गार, ओली हवा लागली. आणि मग त्या हवेत काहीतरी गरम लागलं. मऊ होतं, कडेला थोडं कडक होतं, वर बारीक लव होती. क्षणभर ते तिथंच राहिलं, बोटाला टेकून. मग एकदम हललं आणि गेलं. चिखलात वहाणांचा पचक पचक आवाज झाला. पळणाऱ्याचा नाही, चालणाऱ्याचा. आपल्याला कोण काय विचारणार, अशा माणसाचा. “दाजी, बोट काढा की बाहीर,” महांतप्पा हसून हसून लाल झाला होता, “का चौकटीनं धरून ठिवलंय?” शरणबसप्पाला बोट काढता येईना. बोट अडकलं नव्हतं. तोच अडकला होता. कान होता तो. कुणाचा तरी कान त्यानं बोटानं चाचपला होता.

हसू ओसरल्यावर महांतप्पा धोतर झाडून गेला, आणि शरणबसप्पा त्या भोकासमोर मांडी घालून बसला. मागचं सगळं बोलणं त्यानं उलट्या बाजूनं आठवून पाहिलं. बुरशीच्या आधी घरातल्या तान्ह्या पोरीच्या खोकल्याचा विषय निघाला होता. खोकल्याच्या आधी महांतप्पानं आवाज खाली करून विचारलं होतं, कल्याणप्पा येणार म्हणे? आणि त्यानं, दुकानात हिरड्याचा भाव सांगावा तितक्या मोकळेपणानं, सांगितलं होतं, तिसऱ्या श्रावण सोमवारी, लेकीचं तोंड बघाया. कल्याणप्पा त्याचा धाकटा भाऊ. पाच महिन्यांपूर्वी तो हद्द ओलांडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बार्शीकडच्या कॅम्पात गेला होता. तिथं तो भाकरी थापतो का बंदूक चालवतो हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पोलीस ठाण्याच्या अमीनाच्या वहीत त्याचं नाव होतं, आणि त्या वहीतली दोन माणसं उन्हाळ्यात धरली होती ती अजून परत आली नव्हती. हद्दीच्या पलीकडं झेंडा बदलून वर्ष झालं होतं. अलीकडं निजामाचंच राज्य होतं, आणि चैत्रात रझाकारांची टोळी बंदुका खांद्यावर घेऊन गल्लीतनं गेली त्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. त्यात ही खिडकी म्हणजे बाळंतिणीच्या खोलीची. कल्याणप्पाची बायको शिवम्मा दीड महिन्यापूर्वी इथंच बाळंत झाली. आधीच बंद खोली, तिच्यात दोन वेळचं कढत न्हाणं, शेगडी, ओव्याची धुरी, वाळत घातलेले लंगोट, वरनं श्रावणाची झड. बुरशीला आणखी काय पाहिजे? तिचंही बाळंतपण तिथंच चाललं होतं.

बुरशी होती हे त्याला ठाऊक होतं. हेच तर. त्यानं ती पाहिली होती. आधी तांदळाच्या पिठीसारखी पांढरी, मग शेवाळी, मग काळ्या ठिपक्यांची. आपण पाहिली नाही असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं, कारण गावात काष्ठौषधीचं दुकान त्याचं, आणि कुणाच्या घरात काय उगवलं की लोक त्याच्याकडं यायचे. हरणाबाई सुईण पोरीला शेकताना म्हणाली होती, “ही खोली हाय का वारूळ? पोरीच्या छातीत बुरशी उतरलीया, शरणप्पा. खिडकी उगडा न्हायतर खिडकी बदला.” मल्लम्मा, त्याची बायको, रोज तेच म्हणायची. “अवं, वारा लागू द्या. बुरशीला वाऱ्यापुढं काय चालतंय?” पण वारा आत येणार म्हणजे बोलणं बाहेर जाणार. आणि आता तर खिडकी बंद असूनही बोलणं बाहेर गेलंच होतं. बोटाच्या टोकाला तो कान अजून होता. त्यानं बोट धोतराला पुसलं, पाण्यात बुडवलं, राखेनं घासलं. कान जाईना. त्याच बोटाला दुसरा एक कान आठवत होता. कल्याणप्पा चार वर्षांचा, हा सोळाचा. रामलिंगाच्या देवळाहून येडशीच्या बाजूनं परत येताना पोरगं खांद्यावर झोपलं होतं आणि त्याचा कान ह्याच्या मानेला चिकटला होता, तापलेल्या पुरीसारखा. वाटभर ह्यानं मान हलवली नव्हती. घरी आल्यावर मान तीन दिवस वाकडी राहिली आणि वडिलांनी तिला एरंडेल चोळलं. तेव्हा कानाची भीती वाटत नव्हती. कान म्हणजे आपल्याच माणसाचा, असं तेव्हा होतं.

सोमवार यायला अकरा दिवस होते. भोक बुजवायचं, बुरशी काढायची, आणि ती पुन्हा येऊ नये असं काहीतरी करायचं. हे सगळं आतनं, आवाज न करता, कारण बाहेरच्यानं ऐकलं तर तो म्हणेल, काय लपवताय? पहिल्या दिवशी त्यानं नारळाच्या करवंटीनं चौकट खरवडली. बुरशी निघाली, तिच्याबरोबर चौकटीचा बोटभर भुसाही निघाला. दुसऱ्या दिवशी लिंबाचा रस आणि मीठ चोळलं. नाकेबंदीमुळं मीठ गावात मिळत नव्हतं; मल्लम्मानं डब्यातलं शेवटचं मीठ देताना असा चेहरा केला की कुणीही दुसऱ्यानं परत केलं असतं. मीठ चौकटीत शिरलं आणि त्यानं हवेतली असेल नसेल तेवढी ओल ओढून घेतली. सकाळी चौकट रडत होती. खरोखरच, वरनं खाली ओघळ लागले होते, आणि शिवम्मा पोरीला घेऊन कोपऱ्यात सरकली होती. तिसऱ्या दिवशी चुन्याची निवळी. चौकट पांढरीशुभ्र झाली, शरणबसप्पा खूश झाला, आणि पाचव्या दिवशी लक्षात आलं की पांढऱ्यावर पांढरी दिसत नव्हती एवढंच. बुरशी चुन्यावर बसून होती, अधिक लठ्ठ. मग मोरचूद पाण्यात विरघळवून त्याचा हात दिला. त्यानं बुरशी मेली. पण चौकट मोराच्या मानेसारखी निळी झाली, मोरचूद ओलीनं धुऊन जाऊ नये म्हणून त्यानं शेगडी जवळ आणून ती वाळवली, आणि त्या धगीनं झडपेची फळी अशी वाकली की बोटाचं भोक होतं तिथं हात जाईल एवढी फट झाली. आता कान काय, अख्खं डोकं मावलं असतं. त्यानं तिच्यात चिंध्या कोंबल्या, वर मेण थापलं. “दुकान उगडायचं का न्हाय आज?” मल्लम्मानं विचारलं. “का खिडकीवरच गिऱ्हाइकं घ्यायची?”

ह्या सगळ्या वेळात तो खिडकीजवळ असला की श्वास धरून असायचा. बाहेर काहीही वाजलं, पागोळी, कुत्रं, कुणाची घागर, की हातातली करवंटी थांबायची. बाहेर कुणी आहे का हे ऐकायला तो फळीला कान लावायचा. एकदा त्याला वाटलं, पलीकडूनही कुणीतरी अगदी असाच कान लावून उभा आहे, मध्ये फक्त दीड बोटाची सडकी फळी, आणि दोघं एकमेकांची शांतता ऐकताहेत. तो कान कुणाचा असावा? चालत जाणारा. घाई नसलेला. अयोध्याबाई का, समोरची? तिला लोकांची भांडणं ऐकल्याशिवाय जेवण जात नाही. पण कानाला लव होती. बायकांच्या कानाला लव असते का? ह्या वयापर्यंत आपण मल्लम्माच्या कानाला कधी हात लावून पाहिला नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ह्या गोष्टीनं तो उगीचच दुपारभर खिन्न राहिला. संध्याकाळी तिच्या कानाकडं टक लावून पाहत बसला तर ती म्हणाली, “काय बघताय? कुड्या न्हाय मोडायला देणार.”

सातव्या दिवशी पोरीच्या गळ्यातल्या लिंगाकडं पाहताना त्याला सुचलं. जन्मल्यावर मठातल्या अय्यांनी येऊन लिंगधारणा केली होती. एवढंसं लिंग, त्यावर काळा कुळकुळीत लेप. तो लेप पाण्यानं जात नाही, घामानं जात नाही, माणूस सत्तर वर्षं गळ्यात वागवतो, रोज पाण्यानं न्हाऊ घालतो, आणि त्याच्यावर बुरशी? कुणी बघितलीय कधी? लेपात काय असतं ते मठवाले सांगत नाहीत, पण सामान शरणबसप्पाच्याच दुकानातनं जायचं. गोवरीची राख, एरंडेल, बेलाचा डिंक आणि बिब्ब्याचं तेल. वर्षानुवर्षं तो पुड्या बांधत होता आणि अक्कल मात्र आज आली, म्हणून त्यानं स्वतःच्या कपाळावर थाप मारली. लिंगाला चालतं ते लाकडाला का चालू नये? मठात तो लेप तीन दिवस मंद आचेवर शिजवतात, बिब्ब्याचं तेल अंगाला उतू नये, फोड उठू नयेत म्हणून. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रॉकेल गावात नव्हतं, गोवऱ्या ओल्या होत्या, सोमवार चार दिवसांवर होता. त्यानं अर्धा तास शिजवला. दुकानातला जुना रिवाज म्हणून हातांना आधी खोबरेल चोपडलं, तोंडाला फडकं बांधलं, शिवम्माला पोरीसकट चार दिवस स्वयंपाकघराशेजारी हलवलं, घरातल्यांना सांगितलं, खिडकीला हात लावायचा नाही, आणि आतली चौकट रंगवली. मग भर दुपारी, गल्ली जेवून झोपली असताना, बाहेर जाऊन बाहेरची बाजूही रंगवली. पाऊस बाहेरनंच लागतो, तेव्हा बाहेरनं लावायलाच हवं, ह्यात वावगं काय? खालच्या कोपऱ्यात, उंच जोत्यामुळं गल्लीत उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीला, त्याचा हात दोनदा फिरला. तिथं लाकूड जास्त सडलंय म्हणून. तिसऱ्यांदाही फिरला. तेव्हा त्यानं स्वतःला काही कारण सांगितलं नाही.

लेप मात्र असा बसला की वा! दुसऱ्या दिवशी चौकट काळ्या पाषाणासारखी चकाकत होती. पावसाचे थेंब तिच्यावर टिकेनात, मण्यांसारखे घरंगळत. बुरशीचा वास गेला. तो ओल्या घोंगडीचा, जुन्या पत्रावळीचा वास गेला आणि पोरगी त्या रात्री खोकली नाही. शरणबसप्पा सकाळी दुकानाच्या फळ्या काढून गादीवर बसला तेव्हा त्याची छाती पुन्हा पहिल्यासारखी फुगली होती. आणि मग पहिलं गिऱ्हाईक आलं. अयोध्याबाई. पदर डोक्यावरनं असा ओढलेला की अर्धं तोंड झाकलेलं. “शरणप्पा, काय तरी चावलं बाबा. बघ.” तिनं पदर सरकवला. उजवा कान वाटीएवढा, गालावर फोड, डोळा मिटत आलेला. “कुठं चावलं?” त्यानं विचारलं. “कुठं म्हंजी? कानाला.” “तसं न्हाय बाई, कुठं हुता तुमी तवा?” “घरातच की! म्या कशाला कुठं जाईन दुसऱ्याच्या दारात?” त्यानं मान डोलावली आणि तूप-खोबऱ्याची पुडी बांधली. तिच्या कानाला लव नव्हती. जवळनं पाहिलं तर नव्हती. ती गेली तोच महांतप्पा आला, तोंडावर उपरणं धरून. त्याचं नाक वांग्यासारखं झालं होतं. “दाजी, आईशप्पत, तुमची बुरशी खरंच गेली का न्हाय ते बघाया खिडकीचा वास घेतला निस्ता. एकदाच. लावलंय तरी काय? बिब्बा उतल्यावानी झालंय.” “औषध,” शरणबसप्पा म्हणाला. “बुरशीला का मेव्हण्याला?” महांतप्पा ओरडला, आणि शरणबसप्पाला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. महांतप्पा नाक सावरत सावरत शिव्या देत होता आणि हा हसत होता, आणि हसता हसता त्यानं पाहिलं की दुकानासमोर पोलिसांचा एक जवान उभा आहे आणि त्याच्या उजव्या कानावर ओला रुमाल बांधलाय.

हसू ज्या जागी होतं त्याच जागी थिजलं. जवान चालत आला. पचक पचक. घाई नसलेला. “कुच लगाने कू देव सेठ, कान में आग लगी है,” तो म्हणाला आणि त्यानं रुमाल सोडला. कान लाल, भोपळ्यासारखा, आणि त्याच्या कडेला बारीक लव. शरणबसप्पानं त्या कानाला स्वतःच्या बोटानं तूप लावलं. तेच बोट. बोटानं ओळखलं. त्याला वाटलं, जवानानंही ओळखलं असेल, कानालाही स्मरण असेल, आणि दोघं ह्या ओळखीबद्दल एक अक्षर बोलू शकत नव्हते, कारण जवान बोलला तर म्हणावं लागेल की मी तुझ्या खिडकीला कान लावला होता, आणि हा बोलला तर म्हणावं लागेल की मी तो कान धरायला लेप लावला होता. दोघंही बुरशीइतके मुके. एवढ्या मुकेपणात तूप मात्र शांतपणे वितळून जवानाच्या मानेवर उतरत होतं. म्हणजे सोमवारचं ऐकलं. लेकीचं तोंड बघाया, हेही ऐकलं. आणि दाढीचं? दाढीचंही ऐकलं असणार. एवढ्या मोठ्या संकटात आपल्याला त्या दाढीची जास्त लाज वाटते आहे हे पाहून शरणबसप्पाला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी अमीन स्वतः आला. दुकानात नाही, गल्लीत. खिडकीसमोर उभा राहिला, हात पाठीमागं बांधून, लाकडाला अजिबात न शिवता, जसा माणूस दुसऱ्याच्या देवाकडं बघतो. शरणबसप्पाला बोलावणं गेलं. “क्या सेठ, खिडकी कू क्या लगाए तुम?” “बुरशी की दवा, साहेब. घर में छोटा बच्चा है. खांसता था.” “बच्चा है,” अमीन म्हणाला, जणू त्याला आत्ताच कळलं. मग त्यानं दाढीवरनं हात फिरवला, वरनं खाली, सावकाश. “हमारी दाढी में बुरशी नहीं है, सेठ. देख लो.” शरणबसप्पानं पाहिलं. पाहायला सांगितल्यावर काय करणार? दाढी स्वच्छ होती, मेंदी लावलेली होती. त्यानं पातळ धोतराचा सोगा पोटऱ्यांवर ओढून घेतला. “मैं समझा तुम मेरे जवान कू मारने के वास्ते लगाए,” अमीन पुढं म्हणाला, “पर नहीं. बहुत काम की दवा है. कितने दिन रहता ये सूजन?” “आठ दिन, साहेब.” “आठ दिन!” अमीन खूश झाला. “तो धोना नक्को. वैसाच रहने दो. अब जिसका कान सूजेगा, वो तुम्हारे घर का मेहमान. हम नाके पे पूछ लेंगे.” आणि जाताना आदल्या रात्रीपासून गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पहारा त्यानं उठवला. गल्ली मोकळी झाली. इतकी मोकळी, की शरणबसप्पाला ती पिंजऱ्याच्या दारासारखी दिसली.

तरी त्यानं लेप काढायचा प्रयत्न केला. घरातनं, फटीतल्या चिंध्या उपसून हात बाहेर काढून, फडक्यानं, राखेनं, ताकानं, चुन्याच्या निवळीनं. लेप हलला नाही. कसला हलतोय, त्यानंच मनाशी म्हटलं होतं की सत्तर वर्षं राहतो. करवंटीनं खरवडलं तर लाकूड निघालं, लेप राहिला. बाहेर जाऊन काढायची सोय नव्हती. समोरच्या ओट्यावर अयोध्याबाई एका डोळ्यानं सगळं बघत बसली होती आणि तिच्या एका डोळ्याला गावच्या चार डोळ्यांइतकं दिसायचं. निरोप पाठवावा तर कुणाबरोबर, कुठं? कॅम्पाची वाट ठाऊक असणारा एकच माणूस, तो स्वतःच निघाला असणार. मल्लम्माला सांगावं असं दोनदा ओठावर आलं. पण सांगायचं म्हणजे हे सांगायचं की लेप कानाच्या उंचीला तीनदा फिरवला होता. ती म्हणाली असती, खिडकी उगडा म्हणलं हुतं. आणि ती खरं बोलली असती. त्यापेक्षा गप्प राहणं बरं. त्यानं मनाची समजूत घातली. कल्याणप्पा नेहमी मागच्या गोठ्याकडनं येतो. लहानपणापासनं, पुढच्या दारानं येणं त्याला ठाऊकच नाही. शाळेतनं पळून आला तरी गोठ्याकडनं, लग्नाच्या वरातीतनं उतरला तोही आधी गोठ्याकडं वळला होता आणि सगळे हसले होते. तो खिडकीकडं कशाला जाईल? काय आहे त्या खिडकीत? ह्या वाक्याशी तो दर वेळी थांबायचा. पुढचं वाक्य त्यानं सोमवारपर्यंत स्वतःला म्हणू दिलं नाही.

सोमवारी बाजार होता. दुपारी गोठ्याच्या दाराची कडी वाजली आणि घोंगडी पांघरलेला एक धनगर आत आला, दाढी वाढलेली, हातात काठी. घोंगडी काढली तर कल्याणप्पा. त्याच सकाळी पोरीला घेऊन आपल्या खोलीत परत आलेली शिवम्मा उठून उभी राहिली आणि लगेच बसली. मल्लम्मानं तोंडात पदर धरला. त्यानं आधी पोरीला उचललं, तिला उलटीसुलटी करून पाहिली, तिच्या तळपायाला नाक लावलं. “अण्णा, आवाज काय हाय रं हिचा!” तो म्हणाला. “आधी पुढनं आलतो गल्लीतनं. खिडकीशी जरा उभा राहून ऐकलं. रडत हुती. म्हणलं, भायेरच उभं ऱ्हावं घटकाभर, आत गेल्यावर गप्प बसंल तर? कान लावून ऐकलं बघ. अगदी आपल्या आईवानी रडतीया.” शरणबसप्पा खांबाला टेकला. त्यानं भावाच्या कानांकडं पाहिलं. दोन्ही कान साधे होते, उन्हानं रापलेले, नेहमीसारखेच जरा पुढं आलेले. बिब्बा एका दिवसानं उततो. अजून वेळ होता. आत्ता तेल, तूप लावून लेप उतरवला तर काही होणार नाही. कोणता कान, एवढंच विचारायचं होतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं आलं. आणि त्या घटकेला पोरगी बापाचं बोट धरून होती, शिवम्मा पाच महिन्यांनी नवऱ्याकडं बघत होती, मल्लम्मा डोळे पुसत होती, आणि ह्या सगळ्यांत उभं राहून, तुझ्या कानाला मीच बिब्बा लावलाय, असं कसं म्हणायचं? उद्या म्हणता येईल. राज्य बदललं की म्हणता येईल. हसत म्हणता येईल.

विचारायची गरजच काय, असंही त्याला वाटलं. इतक्या वर्षांचा औषधवाला तो, डोकं चालवलं की झालं. जवानाचा उजवा कान. अयोध्याबाईचाही उजवा. गल्लीत उभं राहून खिडकीला कान लावायचा तर नजर वेशीकडं ठेवावी लागते, कोण येतंय ते दिसायला, आणि नजर वेशीकडं म्हणजे उजवाच कान लाकडाला. शंकाच नाही. त्यानं खोबरं वाटून तुपात कालवलं, कल्याणप्पाच्या मागं जाऊन बसला आणि उजव्या कानाला चोळायला लागला. पाळी, पाळीच्या मागं, मानेपर्यंत, गालापर्यंत. “काय करतोस अण्णा, नवरदेव हाय का मी?” कल्याणप्पा हसला. “घाटात वारं लागतंय, कानात थंडी शिरंल,” शरणबसप्पा म्हणाला. कान गरम होता. तापलेल्या पुरीसारखा. भाऊ आहे तोवर, तासभर, तो चोळत राहिला, आणि त्या तासात बाहेर काय वाजलं ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं नाही. पोरगी झोपली. कल्याणप्पानं घोंगडी पांघरली, शिवम्माकडं एकदा बघितलं आणि गोठ्याच्या दारानं गेला. संध्याकाळी मल्लम्मानं न विचारता बाळंतिणीच्या खोलीची झडप सताड उघडली. शरणबसप्पानं अडवलं नाही. वारा आला. चौकटीवर बुरशीचा कणही नव्हता.

बुधवारी येडशीच्या नाक्यावर तिघांना कानावरनं अडवलं. एक दूधवाला होता, त्याचा कान फुटलेला निघाला. दुसऱ्याला गांधीलमाशी चावली होती. त्या दोघांना सोडून दिलं. तिसरा शेळ्यांच्या कळपामागं चाललेला धनगर होता, त्याचा डावा कान वाटीएवढा सुजला होता. उजवा चांगला तुकतुकीत होता, आणि त्याला तुपाचा वास येत होता.